गरम बोअर, गार बोअर : एका प्रकल्पाची वही

६ जानेवारी २०२५

विषय मिळाला. गाईड सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘मशिनिंग आणि उत्पादन तंत्रज्ञानातील सद्य समस्या’. इचलकरंजीकरानं विचारलं, "सर, यातली नेमकी कुठली?" सर म्हणाले, "तेच तर शोधायचं आहे." आणि चहाला गेले.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी यादी केली. इंडस्ट्री ४.० (एकमेकांशी जोडलेल्या हुशार यंत्रांचा कारखाना; हा शब्द २०११ साली हॅनोव्हरच्या प्रदर्शनात आला, आमच्या कॉलेजच्या पोस्टरवर अजून नवाच आहे), एआय, थ्रीडी प्रिंटिंग, डिजिटल ट्विन. कागलकरानं यादी बघून विचारलं, "ह्यातलं आपल्या गावात काय दिसतं?" कोल्हापूरच्या आजूबाजूच्या औद्योगिक वसाहतींत, म्हणजे शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलच्या पंचतारांकितला, गल्लोगल्ली बीडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग येतं, टर्निंग होतं, ड्रिल होतं आणि ट्रक भरून जातं. मग आधी शॉपवर जाऊ, विषय तिथं सापडला तर सापडला, असं ठरलं.

१६ जानेवारी

शिरोलीच्या एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये शिरकाव मिळाला. कागलकराच्या चुलत्याची ओळख. सहा सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारी मशीन), दोन जुन्या लेथ, दारात कास्टिंगचा ढीग. सगळीकडे बीडाचा काळा बुरा. घरी गेल्यावर आईनं मला थेट न्हाणीघरात पाठवलं.

मालकांना आमच्या यादीत काडीचाही रस नव्हता. त्यांनी टेबलावर एक बेअरिंग हाऊसिंग ठेवलं. एफजी २६० बीड, मधला बोअर (भोक) १०० एच७. त्यात ६२११ बेअरिंग बसतं, त्याचा बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर. एच७ म्हणजे बोअर १००.००० ते १००.०३५ च्या आत. सगळी मिळून सूट ३५ मायक्रोन (मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाच्या जाडीच्या साधारण निम्मी.

"आमच्याकडं पास होतंय आणि पार्टीकडं बेअरिंग जात नाही," मालक म्हणाले. "पार्टी म्हणते तुमचं गेज खोटं. गेज तर नुकतंच कॅलिब्रेट करून आणलंय. हे शोधून द्या, मग तुमचं ते चार पॉइंट काय ते करा."

दिवसपाळीचे मामा मशीनवरून जॉब (कापून झालेला नग) काढतात, फडक्यानं पुसतात, लगेच डायल बोअर गेज (समोरासमोरच्या दोन टोकांनी भोकाचा व्यास मोजणारं काट्याचं माप) घालतात, काटा बघतात आणि क्रेटमध्ये टाकतात. कटिंग कोरडं आहे, कूलंट नाही. बिडातलं ग्राफाइट स्वतःच थोडं वंगणाचं काम करतं आणि कूलंटमध्ये बुरा मिसळला की टाकीत चिखल होतो, म्हणून बिडाला कोरडंच बरं, असा इथला रिवाज आहे. मी जॉब हातात घेतला. शिळ्या चहाच्या कपाइतका कोमट होता. तेव्हा काही डोक्यात आलं नाही.

२४ जानेवारी

आलं, पण आठ दिवसांनी आणि तेही मेसमध्ये गरम ताट उचलताना.

आज लेझर थर्मामीटर घेऊन गेलो. मामांनी काढलेल्या जॉबच्या चकचकीत बोअरवर रोखला तर २८ अंश. हाताला तर चांगलाच गरम लागत होता. इचलकरंजीकर म्हणाला थर्मामीटर बिघडलाय. मग वाचल्याचं आठवलं : चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो, आरशासारखा समोरच्या वस्तूंचीच परावर्तित करतो. वायरमनची काळी चिकटपट्टी आणून जॉबवर चिकटवली आणि पट्टीवर रोखला. ४१ अंश. शॉपमधली हवा २४.

तो जॉब टेबलावर ठेवला आणि दर काही वेळानं बोअर मोजला. काढल्याबरोबर १००.०३१. दहा मिनिटांनी १००.०२४. वीस मिनिटांनी १००.०२०. चाळीसला १००.०१५. तासाभरानं १००.०१३. जेवून आलो तेव्हा १००.०१२ वर थांबला होता.

हिशेब सरळ आहे. बीड दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रोन वाढतं. १०० मिलिमीटरच्या बोअरला दर अंशाला १.१ मायक्रोन. १७ अंशांचा फरक म्हणजे १८.७. आम्हाला १९ मिळाले. बारावीनंतर पहिल्यांदा एखादं सूत्र इतकं तंतोतंत बसलेलं बघितलं. तिघंही उगाचच खूश होतो.

आता मामांची बाजू. ते बोअर मधोमध ठेवायला बघतात, १००.०१८ च्या आसपास. पण हा आकडा गरम जॉबचा. गार झाल्यावर तोच बोअर ९९.९९९. पार्टीकडं बेअरिंग जाणार कसं? गेज खरं, मामा खरे, पार्टीही खरी.

मामांना सांगितलं तर म्हणाले, "गार झाल्यावर आवळतंय हे ठाऊक हाय की. पण किती ते कुणी सांगितलं न्हवतं."

५ फेब्रुवारी

काल चीननं टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रण जाहीर केलं. टंगस्टनबरोबर टेल्युरियम, बिस्मथ, मॉलिब्डेनम, इंडियमही. जगातलं सुमारे चार-पंचमांश टंगस्टन तिथून येतं आणि आमची प्रत्येक कार्बाइड टिप (मशीनवरचा कापणारा तुकडा) म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टमध्ये बांधलेले. मालकांनी टिपच्या डीलरला फोन लावला, त्यानं "बघू" म्हटलं. या ‘बघू’चा अर्थ मालकांना बरोबर कळला असावा, कारण दुपारपासून मामा झिजलेल्या टिपा भंगारात न टाकता बरणीत साठवायला लागले. कार्बाइडचं भंगार पूर्वीही विकलं जायचं, आता त्याची मोजदाद होते.

यावरून झिजेचा अभ्यास हातात घेतला. फिनिशिंगची टिप सीसीएमटी ०९टी३०८ : ८० अंशाचा चौकट, खालचा क्लिअरन्स ७ अंश, नाकाची त्रिज्या ०.८. पुस्तकात, म्हणजे आयएसओ ३६८५ मध्ये, टिपच्या बाजूची सरासरी झीज ०.३ मिलिमीटर झाली की आयुष्य संपलं असं धरतात. आम्ही ते पाठ करून परीक्षेत लिहिलंय. पण ७ अंशाच्या उतारावर ०.३ झीज म्हणजे धार त्रिज्येत जवळपास ३७ मायक्रोन मागे सरकली, व्यासात ७४. आमची सगळी सूट ३५! ०.१ झीज झाली तरी व्यासात जवळपास २५ मायक्रोन खलास. म्हणजे या बोअरसाठी पुस्तकातलं आयुष्य संपायच्या कितीतरी आधी टिप ऑफसेट (मशीनमध्ये टाकायची टिपच्या जागेची दुरुस्ती) मागायला लागते. इथं साधारण साठ जॉबला ०.१ झीज होते असं आम्ही भिंगाखाली मोजलं.

मालकांना स्पीड २० टक्के वाढवून हवाय. टेलरचं समीकरण (वेग गुणिले आयुष्याचा एन घात बरोबर स्थिरांक, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, अजून चालतं) कार्बाइडसाठी एन ०.२५ धरून मांडलं. वेग १.२ पट, तर आयुष्य १.२ चा चौथा घात इतक्या पटीनं कमी. २.०७ नं भागा. निम्म्याहून कमी. मालक कागद बघत राहिले. टंगस्टनची बातमी कालची नसती तर कदाचित स्पीड वाढवलाच असता.

१० फेब्रुवारी

आम्ही एक फॉर्म तयार केला. फार सुंदर फॉर्म. जॉब नंबर, वेळ, बोअर, उद्दिष्टापासून फरक, ऑफसेटमध्ये दुरुस्ती. प्रत्येक जॉब काढल्यावर पाच मिनिटांत मोजायचा, जितका फरक तितकी दुरुस्ती लगेच टाकायची. सर म्हणाले, "याला क्लोज्ड लूप म्हणतात." कागलकरानं तो शब्द प्रेझेंटेशनमध्ये लाल रंगात टाकला.

उष्णतेचं गणित कळून पंधरा दिवस झाले होते आणि तरी आम्ही पाच मिनिटं लिहिलं. उद्दिष्ट मात्र चतुराईनं १००.०१८ वरून वाढवून १००.०३४ केलं, ‘गरमाची सूट’ म्हणून. आपण किती हुशार आहोत असं वाटलं की वहीत तारीख टाकून ठेवावी, नंतर बघायला बरं.

१८ फेब्रुवारी

आठवडाभराचे जॉब गार करून मोजले. जानेवारीत, फॉर्म नसताना, पंचवीस जॉबमधला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान बोअर यातलं अंतर १५ मायक्रोन होतं. आमच्या फॉर्मनंतर दिवसपाळीत २२. वाढलं!

मालक काही बोलले नाहीत. फक्त रिजेक्शनचा क्रेट आमच्या बाजूला सरकवला.

रातपाळीच्या दादांचे फॉर्म काढले. बोअरच्या रकान्यात आकडे व्यवस्थित, पण दुरुस्तीच्या रकान्यात खालपर्यंत शून्य. शून्य, शून्य, शून्य, मग एकदा अधिक ८, पुन्हा शून्य. कागलकर भडकला, "दादांनी फॉर्म नुसता भरलाय, केलं काहीच नाही." आणि रातपाळीच्या जॉबांचा पसारा? १३ मायक्रोन.

संध्याकाळी दादा पाळीला आले तेव्हा विचारलं. ते जॉब काढून ओळीनं फळीवर मांडत जातात आणि चहाच्या वेळी मागच्या ओळीतला गार जॉब मोजतात. "आठ-धा जॉब एका बाजूला सरकले तर हात लावतो. एकट्या जॉबचं काय ऐकायचं? आज एक बोलतोय, उद्या दुसरंच." फॉर्ममध्ये लिहिलेलं केलं नाही म्हणून सॉरीसुद्धा म्हणाले. आम्हीच खाली बघितलं.

उद्या शिवजयंती, शॉप बंद.

२१ फेब्रुवारी

दादांच्या पद्धतीत दोन गोष्टी एकदम आहेत : गार मोजणं आणि हात न लावणं. त्यातलं कशानं काय झालं हे वेगळं काढायला हवं. सरांनी डेमिंग (गुणवत्ता नियंत्रणाचे अमेरिकन तज्ज्ञ) यांचा नरसाळ्याचा प्रयोग सांगितला. आज होस्टेलच्या खोलीत केला.

मेसमधून तेलाचं नरसाळं आणलं (मावशींनी दोनदा विचारलं, "भरून आणणार का?"), खाली चादर, चादरीवर फुलीची खूण. नरसाळं फुलीच्या वर धरून गोटी सोडायची, पडेल तिथं टिंब. पहिल्या पन्नास वेळा नरसाळं हलवलंच नाही. पुढच्या पन्नास वेळा गोटी जितकी चुकली तितकं नरसाळं उलट्या बाजूला सरकवलं, अगदी आमच्या फॉर्मसारखं. टिंबांचं दुसरं मोहोळ उघड्या डोळ्यांनी मोठं दिसतं. गणितही तेच सांगतं : प्रत्येक चुकीला उलट दुरुस्ती दिली तर व्हेरिअन्स, म्हणजे आकडे किती पसरलेत याचं एक माप, दुप्पट होतं. पसारा वर्गमूळात वाढतो, म्हणजे १.४१ पट. १५ गुणिले १.४१ बरोबर २१. आम्हाला शॉपमध्ये २२ मिळाले होते.

म्हणजे गोंधळाचा बहुतेक वाटा आमच्या फॉर्मचा. गरमाची सूट देऊन सरासरी जागेवर आणली आणि हात घालून पसारा वाढवला.

खोलीत शेजारची चार पोरं गोळा झाली होती. त्यातला एक सिव्हिलचा म्हणाला, "तुमच्यात मेकॅनिकलला गोट्या खेळायला मार्क देतात काय?"

३ मार्च

नवी पद्धत सुरू. फॉर्म अर्ध्या पानाचा. मास्टर रिंग (जिच्यावर गेज लावून घेतात ती नेमक्या मापाची कडी) आधी कपाटात डबीत असायची, आता जॉबच्याच टेबलावर. ती आणि जॉब एकाच तापमानाला आले की खोली २० अंशाची नसली तरी चालतं. मोजमापाचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश आहे, त्यामुळं मालकांना वाटायचं एसीची खोली बांधल्याशिवाय काही होणार नाही. रिंगचं स्टील आणि जॉबचं बीड जवळपास सारखंच फुगतं, म्हणून इथं सुटका. ॲल्युमिनियमचा जॉब असता तर असं म्हणता आलं नसतं, तो दुपटीनं फुगतो.

तासभर गार होऊ देईपर्यंत मशीन दहा जॉब काढून मोकळं होतं. तेवढ्यात टिपच्या झिजेनं बोअर सुमारे ४ मायक्रोन आवळतो, हे चालण्यासारखं आहे. घाई असेल तेव्हासाठी मशीनच्या दारावर एक कोष्टक चिकटवलं : जॉब आणि रिंग यांच्यात किती अंशांचा फरक, तर किती मायक्रोन वजा करा. मामांना दशांश चिन्हांचा कंटाळा, म्हणून पूर्ण आकडेच लिहिले.

इचलकरंजीकरानं स्पिंडलच्या वायरला करंट सेन्सर अडकवला होता, त्याचं काय झालं ते इथं एका ओळीत : आठ तासांत मशीन प्रत्यक्ष कापतं जेमतेम पाच तास, बाकी सेटिंग, कास्टिंगची वाट आणि पहिल्या जॉबच्या तपासणीची वाट. त्याला यावर वेगळा रिपोर्ट लिहायचाय, लिहू दे.

चहाच्या टपरीवर आज इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला. उद्यमनगरात एकेकाळी ऑइल इंजिनं बनायची, आता शिरोलीला सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील. यातलं इलेक्ट्रिक गाडीत एकही लागत नाही. "बेअरिंग तर लागतंय न्हवं?" मामांनी विचारलं. लागतं. "मग आपलं हाऊसिंग चालू राहील," म्हणून त्यांनी दुसरा चहा सांगितला. मालक मात्र गप्प होते. त्यांच्या सहापैकी चार मशीन फ्लायव्हीलवर चालतात.

१७ मार्च

पार्टीकडून पुन्हा तीन हाऊसिंग परत. बेअरिंग जात नाही.

गार करून मोजले. १००.०१०. गेज फिरवलं, १००.०१०. आणखी फिरवलं, १००.०१०. चारही बाजूंनी एकच आकडा आणि बेअरिंग ठेवलं की अडतंय. तापमान सारखं, रिंग शेजारी, ऑफसेटला कुणी हात लावलेला नाही. आम्ही मांडलेलं सगळं बरोबर असताना जॉब चुकीचा. तीन दिवस झोप नीट नाही.

२१ मार्च

सापडलं, आणि याचं श्रेय दोन गाळे सोडून असलेल्या टूलरूमच्या म्हाताऱ्या फिटरला. त्यांनी जॉब हातात घेतला, बाहेरच्या अंगावरचे चकच्या जॉचे (मशीनवर जॉब पकडणाऱ्या जबड्यांचे) तीन ठसे बोटानं चाचपले आणि म्हणाले, "दोन टोकांचं गेज ह्याला फसतंय." आपलं तीन टोकांचं मायक्रोमीटर त्यांनी उसनं दिलं.

ठशांच्या रेषेत तीन टोकं ठेवली : १००.०२१. साठ अंश फिरवलं : ९९.९९८.

बोअर गोल नाहीच. तीन जॉ पातळ भिंतीला आवळतात, भिंत तिथं आत दबते, मशीन त्या दबलेल्या अवस्थेत अगदी गोल कापतं. चक सोडला की दबलेल्या जागा बाहेर उसळतात आणि बोअर तीन फुगवट्यांचा होतो. फुगवट्याच्या बरोबर समोर दुसरा फुगवटा नसून चपटी बाजू येते, म्हणून समोरासमोरची दोन टोकं जिथं लावाल तिथं बेरीज तीच. आमचं गेज खोटं बोलत नव्हतं. आम्ही त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. तीन फुगवट्यांना तीन टोकांनी विचारावं लागतं.

घरी आजोबांना सांगितलं. त्यांनी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवलेली. म्हणाले, "पातळ बांगडी शेवटच्या कटाला ढिली धरायची असती." मग मला विचारलं, तुम्हाला चार वर्षं काय शिकवतात. मी जेवायला वाढलं.

२ एप्रिल

चकचं प्रेशर फिनिशिंगच्या कटाला १८ किलोवरून १० वर आणलं. खडबडीत कट पूर्वीच्याच प्रेशरवर, मग चक ढिला, पुन्हा हलकं धरून शेवटचा कट. सॉफ्ट जॉ जॉबच्या बाहेरच्या व्यासाला बोअर करून घेतले, म्हणजे तीन ठिपक्यांऐवजी तीन लांब कमानींनी पकड बसते. यात प्रत्येक जॉबला पंधरा-वीस सेकंद जास्त जातात. मामा कुरकुरले, मालकांनी हिशेब केला, मग हो म्हणाले. तीन टोकांवर आता १००.०१४ आणि १००.००६. बेअरिंग हातानं, अंगठ्याच्या दाबानं जातं.

पहिल्या दिवशी हलक्या पकडीत एक जॉब सुटला आणि दारावर आदळला. कुणाला लागलं नाही, पण काचेला तडा आहे. कटाची खोली ०.२५ वरून ०.१५ केली, त्यानंतर सुटला नाही.

१२ एप्रिल

जोतिबाची यात्रा. शॉपमध्ये एक मशीन चालू आणि सगळे डोंगरावर, आमचा कागलकरसुद्धा सासनकाठीमागं. मी आणि इचलकरंजीकर रिपोर्ट लिहितोय.

सरांना शीर्षकात इंडस्ट्री ४.० हवंय. आम्ही ‘पातळ भिंतीच्या बीड जॉबमधील बोअरची मापन-त्रुटी : तापमान, ऑफसेट आणि पकड’ असं लिहिलं. सरांनी ते वाचून "जरा लांब झालंय" म्हटलं, पण खोडलं नाही. क्लोज्ड लूपच्या फॉर्मचं पान आम्ही रिपोर्टात ठेवलंय, २२ मायक्रोनच्या आलेखासकट. इचलकरंजीकराला ते काढायचं होतं. अर्धा तास वाद घातला, शेवटी त्याचा सेन्सरचा आलेखही ठेवायचा या अटीवर मिटलं.

बाकी कामं : फिटरकाकांचं मायक्रोमीटर पुसून, तेल लावून परत करणं. दारावरचं कोष्टक लॅमिनेट करून देणं, बुऱ्यानं आत्ताच निम्मं काळं झालंय. दादांनी रातपाळीसाठी काळी चिकटपट्टी मागितलीय, दोन रीळ घेऊन जायच्या.